पाळणाघर: दोन बीएचकेत की तळमजल्याच्या गाळ्यात?

घोडबंदरकर
ठाणे-नवी मुंबईत पाळणाघर आणि जोडीला नर्सरी काढायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘घरातच सुरू करा, भाडं वाचेल.’ मला हा सल्ला घातक वाटतो; त्यापेक्षा तळमजल्याचा गाळा घ्या.

आधी कागदाचं बोलू. आपल्याकडे खासगी पाळणाघराचं ‘लायसन्स’ म्हणून एकच कागद मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याची मान्यता पहिलीपासून पुढे लागते. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं, पण तो ३ ते ६ वर्षांचा विषय. दहा महिन्यांचं बाळ त्यात बसत नाही. म्हणून तुकडे जोडावे लागतात: शॉप ॲक्ट (माणसं थोडी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते), स्वयंपाक होणार असेल तर एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना), प्रत्येक मावशीचं पोलीस व्हेरिफिकेशन, आगीची यंत्रणा आणि जागेच्या वापराची परवानगी. घरातलं पाळणाघर अडकतं ते या शेवटच्यावर. भाडेकरारात ‘निवासी वापर’ लिहिलेलं असतं. नवी मुंबईत तर बहुतेक जमीन सिडकोच्या लीजची, वापर बदलायचा तर त्यांच्याकडेही जावं लागतं. घरगुती मीटरवर धंदा सापडला की महावितरण वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल लावतं, तेही धंदा सुरू झाल्यापासूनचं, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांचं.

आणि चौदाव्या मजल्यावर आग लागली तर? लिफ्ट बंद. दोन मावश्या मिळून रांगणारी चार बाळं उचलतील. बाकीच्यांचं काय? नोकरदारांच्या पाळणाघरांसाठी केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शक्यतो तळमजला सांगितलाय तो उगाच नाही.

नेरूळची_मंजिरी
दादा, चौदावा मजला मान्य. पण तुमचा गाळा कधी आतून पाहिलात का? पुढे एक शटर, मागे भिंत, खिडकी नाहीच. जागा पुरत नाही म्हणून पोटमाळा टाकतात आणि दुपारी मुलं तिथे झोपवतात. वर जायला अरुंद लोखंडी जिना, खाली पँट्रीचा गॅस. धूर वरच चढतो. पहिल्या मजल्यावरचा दोन बाल्कन्यांचा फ्लॅट याहून कितीतरी बरा.

आता हिशोब. आकडे मी धरलेत, आपापल्या भागाचे घाला. ६०० चौरस फुटांचा गाळा, भाडं ६०,०००. पाच माणसांचा पगार ८०,०००. खाणं, वीज, डायपर-फिनाइल मिळून ३०,०००. झाले १,७०,०००. मुलामागे ९,००० फी धरली तर एकोणीस मुलं नुसता खर्च भागवायला. मग विसावं, पंचविसावं मूल घेतलं जातं, माणसं मात्र पाचच राहतात. घरात दहा मुलं, दोन मावश्या आणि स्वतः चालक: ९०,००० मधून पगार आणि खाणं मिळून ४५,००० गेले तरी उरतात ४५,०००. पंचविसाव्या मुलाच्या मागे लागायची गरज पडत नाही. फ्रँचायझी घेतली तर वर रॉयल्टी, त्यावर १८ टक्के जीएसटी. नर्सरीचं शिक्षण करमुक्त असल्यामुळे तो वळता करून घेता येत नाही. त्यापेक्षा भिंतीवरची कार्टून स्वतः रंगवा!

तीन_मावश्या
मंजिरीताई, तुमच्या हिशोबात एक भोक आहे. सकाळी ८ ते रात्री ८ म्हणजे बारा तास. एका माणसाला दिवसाला नऊ तासांच्या वर काम देऊ नये. मग दोन मावश्यांत बारा तास भागणार कसे? एक शी धुवायला आत गेली की बाहेर उरते एक. चालक दाराशी पालकांशी बोलत असतील तर झोपाळलेल्या मुलाकडे, दूध मागणाऱ्याकडे आणि टेबलावर चढलेल्याकडे तीच एकटी बघणार. चावणं, पडणं, ओरबाडणं हे दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान जास्त होतं, कारण तेव्हाच जेवण, डायपर आणि मावश्यांचा स्वतःचा डबा एकत्र येतात.

त्याच २०१८ च्या सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती आहे. दीड वर्षाखालच्यांना ते पुरत नाही, चारांमागे एक लागतेच. दहा मुलांत चार बाळं असतील तर तीन मावश्या हव्यात, त्यातली एक सकाळी ११ ला येणारी. ४५,००० चे ३०,००० झाले. आता सांगा, घरगुती परवडतं का?

नेरूळची_मंजिरी
परवडतं. बाळं दोनच घ्यायची. ‘नाही’ म्हणायची सोय घरातच असते, गाळ्याचं भाडं ती ठेवत नाही.

कॅमेरा_लावा
जागेपेक्षा कॅमेऱ्यावर बोला. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच उघड झाली. फ्लॅटमध्ये पालकांना लाइव्ह फीड कोण देतं?

तीन_मावश्या
फीड कशाला? त्यात इतरांची मुलंही दिसतात, आणि स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर पोचायला वेळ लागत नाही. रेकॉर्डिंग हवं, आणि ते टिकायला हवं. चार कॅमेरे, प्रत्येकी दोन एमबीपीएस धरले तर दिवसाला सुमारे ८६ जीबी होतात. विकणारा एक टीबीची डिस्क टाकून जातो, ती साधारण अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. पालकांची तक्रार पंधराव्या दिवशी आली की दाखवायला काही नाही. तीस दिवस हवे असतील तर चार टीबी घ्या. डायपर बदलायची जागा कॅमेऱ्यात नको, पण ती बंद खोलीतही नको: अर्ध्या उंचीचं दार, म्हणजे दुसऱ्या मावशीला उभ्याने दिसतं. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी पालकांशी बोलून बघू’ असं चालत नाही.

औषधवाली
सगळे भाड्यावर भांडताय, पण पावसाळ्यात पाळणाघर बंद पडतं ते हातापायांच्या फोडांनी, म्हणजे एचएफएमडीने (हँड, फूट अँड माउथ डिसीज). सॅनिटायझरचा या विषाणूवर फारसा उपयोग नाही. साबणाने हात धुवा. खेळणी आणि बदलायचा मॅट आधी धुऊन मग ब्लीचने पुसा: पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट २० मिली, पाणी घालून एक लिटर, रोज ताजं. तोंडात जाणारी खेळणी नंतर साध्या पाण्याने धुवायची. ताप उतरून फोड सुकेपर्यंत मूल घरी, हे प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच लिहून घ्या. नाहीतर आई रजा नाही म्हणून सकाळी पॅरासिटामॉल पाजून सोडते आणि ११ वाजता ताप पुन्हा चढतो.

औषधाबद्दल: ‘पाच मिली द्या’ एवढ्या चिठ्ठीवर काही पाजू नका. पॅरासिटामॉल सिरप १२० मिलिग्रॅमचंही येतं आणि २५० चंही, दोन्ही पाच मिलीमागे. थेंबांच्या बाटलीत मात्र प्रत्येक मिलीत १०० मिलिग्रॅम. सिरप समजून थेंबांचे पाच मिली गेले तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम. चिठ्ठीवर नाव, बाटलीवरची ताकद, मात्रा, आधीचा डोस किती वाजता आणि सही, एवढं हवंच.

घोडबंदरकर
औषधाचं पटलं, ते गाळ्यालाही तितकंच लागू. पण मंजिरीताई, तुमची दहा मुलं पहिल्या मजल्याच्या वर मी मान्य करणार नाही. पोटमाळ्याचा मुद्दा घेतो: मागे दुसरं दार नसेल तर गाळा नको. कोपरखैरणे-नेरूळची तळमजल्याची रो-हाऊस बघा, पुढे-मागे दारं असलेली. वापराची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका, आणि करार नोंदणीकृतच करा. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी लागते.

नेरूळची_मंजिरी
रो-हाऊसचं भाडं कोण भरणार ते तेवढं लिहा. मी माझी दहाची मर्यादा सोडत नाही.