शाफ्टसाठी कार्बन स्टीलचा ग्रेड : १०१८ की १०४५?

प्रश्न
हाताने चालणाऱ्या एका यंत्रासाठी २५ मिमी व्यासाचा शाफ्ट नव्याने करायचा आहे. सध्याचा शाफ्ट साध्या एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचे मऊ पोलाद) असून भार आला की मध्यभागी वाकतो, आणि बुशमध्ये (शाफ्टला आधार देणाऱ्या नळीत) फिरतो त्या जागी झिजलाही आहे. त्यावर एक लहान लिव्हर वेल्ड केलेला आहे. चौकशी केली तेव्हा १०१८, १०४५, ईएन८, सी४५ अशी नावे कानावर आली. कार्बन जास्त तितके पोलाद मजबूत, म्हणून १०४५ घ्यावे, असा मी अर्थ लावला आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर १
अर्धाच बरोबर आहे. १० ने सुरू होणारे चार आकडी ग्रेड साध्या कार्बन स्टीलचे असतात आणि शेवटचे दोन आकडे कार्बनचे प्रमाण शतांश टक्क्यांत सांगतात. म्हणजे १०१८ मध्ये ०.१५ ते ०.२० टक्के, तर १०४५ मध्ये ०.४३ ते ०.५० टक्के कार्बन असतो. सी४५ हा १०४५ चा जवळजवळ जुळा भाऊ आहे. ईएन८ मधला आठ मात्र जुन्या ब्रिटिश यादीतला नुसता क्रमांक असून त्यात कार्बन साधारण ०.४० टक्के असतो.

आकडा रसायन सांगतो, बार कोणत्या अवस्थेत आहे ते सांगत नाही. कोल्ड ड्रॉन (थंड अवस्थेत साच्यातून ओढलेल्या) १०१८ ची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणापुढे पोलाद कायमचे वाकते ती मर्यादा, सुमारे ३७० मेगापास्कल धरतात आणि हॉट रोल्ड (तापवून लाटलेल्या) १०४५ ची सुमारे ३१०. त्यामुळे ‘१०४५ द्या’ एवढेच सांगून आणलेला बार १०१८ पेक्षा कमजोरही निघू शकतो.

उत्तर २
झिजेपुरते पाहिले तर १०४५ चा फायदा खरा आहे, कारण बुशखालचा भाग इंडक्शनने (विजेच्या कॉइलने) तापवून पाणी दिल्यास पृष्ठभाग सहज ५० एचआरसीच्या (रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापाच्या) वर जातो. १०१८ नुसते तापवून पाण्यात बुडवल्याने तितके कडक होत नाही. त्याला आधी कार्ब्युरायझिंग, म्हणजे तापवून पृष्ठभागात कार्बन मुरवणे, करावे लागते.

मला अडचण दिसते ती लिव्हरच्या वेल्डिंगची. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजच्या टक्केवारीचा सहावा हिस्सा मिळवला की साध्या कार्बन स्टीलचा कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डिंग किती अवघड जाईल हे सांगणारा आकडा, ढोबळमानाने कळतो. तो १०१८ साठी ०.३० च्या आसपास, तर १०४५ साठी ०.५७ च्या आसपास येतो, आणि ०.४५ च्या पुढे गेल्यावर वेल्डशेजारचा पट्टा थंड होताना ठिसूळ होऊन तडकण्याची भीती असते. हा तडा कधी कधी काही तासांनी उघडतो, म्हणून अधिकच फसवा. प्रीहीट (वेल्डआधी भाग तापवणे), कोरडे लो हायड्रोजन इलेक्ट्रोड आणि सावकाश थंड करणे या तिन्ही गोष्टी पाळता येत नसतील, तर १०४५ वर वेल्ड करू नये.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण मूळ तक्रार वाकण्याची आहे. भार काढल्यावर शाफ्ट पुन्हा सरळ होतो का? होत असेल, तर ग्रेड बदलून काहीही साधणार नाही, कारण यंग्ज मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचे माप) सर्व कार्बन स्टीलमध्ये साधारण २०० ते २१० गिगापास्कलच असतो. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. २५ चे ३० मिमी केलेत तर तो दुप्पट होतो. शाफ्ट वाकलेलाच राहत असेल, तरच यील्ड स्ट्रेंग्थचा, पर्यायाने ग्रेडचा, विचार करावा.

प्रश्नकर्ता
भार काढल्यावर शाफ्ट पूर्ण सरळ होतो. व्यास ३० मिमी करता येईल आणि लिव्हरही वेल्डऐवजी कीवे (चावी बसवण्याची खाच) व क्लॅम्प बोल्टने बसवता येईल. मग ग्रेड कोणता घ्यावा?

उत्तर २
वेल्ड नसेल तर १०४५ किंवा ईएन८, जे मिळेल ते, नॉर्मलाइझ्ड (तापवून हवेत थंड केलेल्या) अवस्थेत घ्या आणि फक्त बुशखालचा भाग इंडक्शनने कडक करून ग्राइंड करा. कोल्ड ड्रॉन बारमध्ये आतले ताण शिल्लक असतात आणि एका बाजूला कीवे कापला की तो बाक घेतो, म्हणून इथे तो टाळलेला बरा. इंडक्शनची सोय नसेल, तर १०४५ चा आग्रह मी धरणार नाही. १०१८ घेऊन बदलता येणारा मऊ बुश आणि नियमित ग्रीस एवढ्यावर हाताने चालणारे यंत्र व्यवस्थित चालते. बार घेताना टेस्ट सर्टिफिकेटवरील हीट नंबर (पोलाद ज्या घाण्यात वितळवले त्याचा क्रमांक) बारवरच्या शिक्क्याशी जुळवून पाहा, कारण एकदा टर्निंग झाले की दोन्ही पोलादे डोळ्यांना सारखीच दिसतात.