'जित्राब' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: साताऱ्याकडच्या लोकांच्या तोंडी 'जित्राब' फार ऐकतो. गाईबैलांनाच म्हणतात की कुत्र्यामांजरांनाही? 'जनावर'सारखा हाही फारसीच का?

उत्तर: सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सगळीकडे चालतो. गोठ्यातलं, ज्याचं वैरणपाणी करावं लागतं ते जित्राब. गाय, बैल, म्हैस, रेडकू आलंच. शेरडंही बहुतेक घरांत त्यातच धरतात. कुत्रंमांजर नाही. पाहुण्यांकडे मुक्कामाचा आग्रह झाला की "घरी जित्राबं हैत, धारंला कोन हाय?" एवढं म्हणायचं. पुढे कुणी ताणत नाही. माण-खटाव, आटपाडीकडे दुष्काळात चारा छावण्या पडतात, तेव्हा सरकारी कागदावर 'मोठी जनावरे, लहान जनावरे' असतं, पशुगणनेत 'पशुधन'. छावणीत राहणारा मात्र "आमची जित्राबं तिकडच्या कडंला हैत" असंच सांगतो.

शब्द नपुंसकलिंगी. कुठे 'जितराब', कुठे 'जित्राप'.

आता व्युत्पत्ती. पहिला तुकडा सरळ आहे: 'जित्याची खोड'मधला 'जिता', म्हणजे जिवंत. फारसी नव्हे. पुढच्या 'राब'वरून "राबणारं जितं ते जित्राब" अशी फोड बरेच जण सांगतात. ऐकायला झकास, पण मला पटत नाही. शेळी कुठं राबते? दुभत्या म्हशीला औताला कोण जुंपतं? आणि 'जित्राप' म्हणणाऱ्यांनी काय करायचं?

'जनावर' मात्र फारसी 'जानवर'वरून आलेला, यात वाद नाही. जान म्हणजे जीव, 'वर' म्हणजे असलेला. संस्कृत 'प्राणी'ही प्राण असलेला तोच. गंमत म्हणजे तिन्ही शब्द जिवावरच बेतलेत.

प्रश्न: आमच्या कोकणात 'जनावर' म्हटलं की साप! गुरांना गुरंच म्हणतात.

उत्तर: बरोबर. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून. देशावर त्याच कारणानं 'लांबडं' म्हणतात. सापाला 'जित्राब' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. माणसाला मात्र सर्रास लावतात: "लई अवली जित्राब हाय ह्ये!" ही शिवी नव्हे. पण जावयाबद्दल त्याच्या सासऱ्यासमोर बोलू नका.