दाखल्यावर ३६ टक्के आले म्हणून भावाचं अनुदान नामंजूर, दाद कुठे आणि कशी मागायची?

रानवाट:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय अपघातात गेल्यासारखाच आहे, गुडघा वाकत नाही, आणि लहानपणीच्या तापात दोन्ही कानांनी ऐकायला कमी येतं. संजय गांधी निराधार योजनेत अर्ज केला होता, तहसीलमधून पत्र आलं की दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने अर्ज नामंजूर. दाखल्यावर ३६ टक्के लिहिलंय, दाखल्याला दोन महिने होऊन गेलेत. तहसीलला दोनदा जाऊन विनंती केली, ते म्हणतात आमच्या हातात काही नाही. गावात एक जण म्हणतो पैसे दे, टक्के वाढवून आणतो. ते मला करायचं नाहीये. रीतसर हरकत कशी घेतात कोणी सांगेल का?

आवकजावक:
दादा, पहिली गोष्ट, त्या माणसाच्या नादी लागला नाहीत हे फार बरं केलंत, खोटा दाखला पकडला गेला तर भावाचं कायमचं नुकसान.
दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही चुकीच्या खिडकीवर उभे आहात. इथे निर्णय दोन आहेत, एक दाखल्याचा आणि एक अनुदानाचा. तहसीलने फक्त दाखल्यावरचा आकडा वाचला, तो जोपर्यंत ३६ आहे तोपर्यंत ते खरंच काही करू शकत नाहीत. भांडण दाखल्याशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५९ मध्ये दाखल्याच्या निर्णयाविरुद्ध अपील आहे, आणि नियमाप्रमाणे मुदत ९० दिवस, निर्णयाच्या तारखेपासून. तुमचे दोन महिने गेलेत, म्हणजे हातात महिनाभरसुद्धा नाही, आजच दाखल्यावरची तारीख बघा.
आता सांगा, दाखल्यावर फक्त पाय लिहिलाय की कानाचंही काही आहे?

रानवाट:
फक्त पाय. कान तपासलेच नाहीत, भावाने सांगितलं होतं म्हणे पण त्या दिवशी कानाचे डॉक्टर नव्हते.

आवकजावक:
मग तुमचं अख्खं अपील याच एका वाक्यात आहे!
एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज करत नाहीत, केंद्राच्या मूल्यमापनाच्या सूचनांमध्ये सूत्र आहे. मोठा आकडा धरायचा, ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा कानाचे १५ टक्के निघाले. ९० वजा ३६ म्हणजे ५४, गुणिले १५, भागिले ९०, आले ९. एकूण ४५ टक्के. कानाचे किती निघतील ते तपासणीच ठरवेल, पण कान धरलेच नाहीत तर ३६ च राहणार हे नक्की.
म्हणून अर्जात गरिबी, घरची परिस्थिती, तुम्ही किती चकरा मारल्या हे काही लिहू नका, वाईट वाटून घेऊ नका पण त्याने टक्का हलत नाही. लिहायचं एवढंच की अमुक तारखेच्या, अमुक नंबरच्या दाखल्यात फक्त पायाचं मूल्यमापन झालं, श्रवणदोष सांगूनही तपासला नाही, तरी दोन्हीचं एकत्रित मूल्यमापन करून सुधारित दाखला द्यावा. सोबत दाखल्याची झेरॉक्स, कानाचे जुने कागद, आणि शक्य असेल तर सरकारी दवाखान्यातली ताजी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं ते मोजणारी तपासणी.

सुगरणबाई:
मी वेगळं सांगते, आमच्या नणंदेच्या वेळी आम्ही अपील वगैरे केलंच नाही, दाखल्यासाठीच पोर्टलवर पुन्हा नवीन अर्ज टाकला. सोपं पडतं की.

आवकजावक:
ताई, नवीन अर्ज म्हणजे अपील नव्हे, त्याने ९० दिवसांची मुदत थांबत नाही. तो अर्ज अडकला आणि इकडे मुदत संपली तर दोन्हीकडून गेलं. माझं मत आधी अपील.

रानवाट:
अपील द्यायचं कोणाकडे? दाखल्यावर तसं काही लिहिलेलं नाही.

कोर्टफीस्टॅम्प:
अपील प्राधिकारी राज्य सरकार नेमतं. दाखला दिला त्याच रुग्णालयाच्या दिव्यांग विभागात लेखी विचारा, तोंडी नको. आणि त्याची वाट बघत बसू नका, मुदत जवळ असेल तर 'मा. अपील प्राधिकारी' असं नाव घालून त्याच कार्यालयाच्या आवक खिडकीवर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पोच नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही, हे मी माझ्या आईच्या पेन्शनच्या वेळी सहा महिने घालवून शिकलोय.
त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज पण टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. मागायचं काय तर भावाच्या तपासणीचा पूर्ण मूल्यमापन तक्ता. एकच विषय ठेवा आणि १५० शब्दांच्या आत बसवा. उत्तराला ३० दिवस असतात, तोवर अपील रोखून धरू नका, तक्ता आला की नंतर जोडता येतो.

रानवाट:
आणि तहसीलचं काय करू, तिथला अर्ज तर गेलाच ना?

कोर्टफीस्टॅम्प:
तिथे एक साधं पत्र द्या की दाखल्याविरुद्ध अपील केलंय, प्रत जोडली आहे, सुधारित दाखला आल्यावर प्रकरण पुन्हा समितीपुढे ठेवावं. त्याचीही पोच. सुनावणीला बोलावतील तेव्हा भावासोबत तुम्ही जा, त्याला नीट ऐकू येत नाही म्हणताय तर प्रश्नच कळला नाही असं व्हायला नको. वकिलाची गरज वाटली तर तालुका विधी सेवा समितीत जा, कमी उत्पन्न असेल तर मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. अपिलावर काहीच हललं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. दाखल्याची तारीख पाहिली, आज ७१ वा दिवस आहे. कानाची तपासणी सोमवारी करून घेतो, अपील मात्र उद्याच देतो, रिपोर्ट नंतर जोडेन असं त्यातच लिहितो. पोच मिळाली की इथे कळवतो.

रानवाट:
मिळाली. शिक्का थोडा पुसट आहे म्हणून तारीख पेनने पण लिहून घेतली.