समुद्राजवळच्या घराला स्टीलचं रेलिंग: ३०४ की ३१६?

खारावारा:
नमस्कार मंडळी. हर्णैला घर बांधतोय, समुद्र चालत पाच मिनिटांवर. पडवीला आणि बाहेरच्या जिन्याला स्टीलचं रेलिंग गणपतीच्या आधी बसवून घेतलं. दिवाळीला गेलो तर पाइपांवर तांबूस ठिपके, आणि वेल्डिंगच्या सांध्यांभोवती चहा सांडून वाळल्यासारखे डाग! फॅब्रिकेटर म्हणतो, "साहेब, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस आहे, लोहचुंबक लावून बघा." लावलं, चिकटत नाही. मग गंजतंय कसं? वरच्या मजल्याचं काम बाकी आहे, तिथे काय घालू? आणि सिंकचंही असंच होणार का, हा घरातून आलेला प्रश्न.

तुषार_पुणे:
३०४ सांगून हलक्या ग्रेडचं २०२ गळ्यात मारलंय तुमच्या. रेलिंगवाले सर्रास करतात. उरलेले पैसे देऊ नका.

आर्गनकाका:
तुषारभाऊ, जरा दमानं. तीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो.

आधी चुंबकाचं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये महागडं निकेल जवळपास निम्म्यावर आणून मँगनीज भरतात. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा इथे बिनकामाची. उलट अस्सल ३०४ची पट्टी थंडच वाकवली, तर वाकलेल्या जागी चुंबक थोडासा ओढला जातो आणि गिऱ्हाईक उगाच भांडायला उठतं. तपासणीचं द्रावण बाजारात मिळतं. पाइपावर थेंब टाकायचा, ९ व्होल्टची बॅटरी लावायची. लाल झाला तर मँगनीजवालं.

खारावारा, दोन गोष्टी सांगा. ठिपके पावसात भिजणाऱ्या भागावर जास्त आहेत की छपराखाली? आणि गेट, खिडक्यांचे गज वगैरे कुठे कापले?

खारावारा:
काका, छपराखालीच जास्त! जिन्याचं रेलिंग उघड्यावर आहे, ते बरंच बरं आहे. गेट अंगणातच केलं, रेलिंग बसवल्यावर आठवड्याभरात. कटर चालायचा तेव्हा ठिणग्या पार पडवीच्या पायरीपर्यंत यायच्या.

आर्गनकाका:
मग तिथेच पाणी मुरतंय. त्या ठिणग्या म्हणजे साध्या लोखंडाचे तापलेले कण. स्टीलवर चिकटून बसले आणि गंजले ते कण. वाटतं मात्र की स्टीलच गंजलं. साध्या लोखंडावर वापरलेलं ग्राइंडरचं चाक किंवा तारेचा ब्रश स्टीलवर फिरवला तरी हेच होतं.

दुसरं, छप्पर. स्टेनलेसला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा, डोळ्याला न दिसण्याइतका पातळ. ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजननं परत धरतो. पण मिठातलं क्लोराइड त्याला जागोजाग भोक पाडतं. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. पडवीत वारा मीठ आणून टाकतो आणि ते बसून राहतं.

तिसरं, सांधे. वेल्डिंगच्या उष्णतेनं कडेला निळसर-तपकिरी पट्टा येतो, त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. तो पिकलिंग पेस्ट लावून किंवा नीट बफिंग करून काढावा लागतो. घाईत ठेवून देतात. पेस्टमध्ये जहाल ॲसिड असतं, घरी हात घालू नका, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

ठिपक्यांना लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून कापडानं चोळा, मग गोड्या पाण्यानं भरपूर धुवा. संडास धुवायचं ॲसिड मुळीच नको, तेही क्लोराइडच.

वरच्या मजल्याला ३१६ घाला. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला तोंड देतं. महाग पडेल. बजेट ताणलं तर समुद्राकडची बाजू ३१६ आणि आतला जिना ३०४ चालेल. पॉलिश गुळगुळीत मागा, खरखरीत फिनिशच्या रेघांत मीठ अडकतं. आणि ३१६ला धुवावं लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पंधरा दिवसांनी पाण्याचा पाइप मारायचाच.

माजघर:
सिंकचं मी सांगते. ३०४चं घ्या, निर्धास्त राहा, रोज धुतलं जातं ना! फक्त ओली तारेची घासणी आणि बिडाचा तवा रात्रभर त्यात ठेवू नका, गंजाचा शिक्का उमटतो. पांढरे डाग पडले तर ते पाण्यातले क्षार, व्हिनेगरनं जातात. पातेल्यात गार पाण्यातच मीठ टाकलं की ते तळाशी बसतं आणि बारीक खड्डे पडतात, म्हणून उकळी आल्यावर घालते. आमच्याकडे आजीनं बोहारणीला दोन जरीची लुगडी देऊन घेतलेला डबा आहे. वर नाव आणि "१९७४" कोरलंय, अजून लखलखीत. आईच्या मते लुगडी डब्यापेक्षा भारी होती, पण ते भांडण वेगळं.

तुषार_पुणे:
मग चुंबकाचा काहीच उपयोग नाही?

माजघर:
आहे की. इंडक्शनसाठी भांडं घेताना तळाला लावून बघायचा. तिथे चिकटायलाच हवा.

खारावारा:
अपडेट. द्रावण मागवलं, तीन ठिकाणी थेंब टाकले. एकही लाल नाही, म्हणजे माल खरा होता. फॅब्रिकेटरला फोन करून तसं सांगितलं, तो आधी गप्पच झाला. लिंबूसत्त्वानं पाइपांवरचे बहुतेक ठिपके गेले, सांध्यांवरचे डाग तसेच आहेत. ते तो पेस्ट लावून देतो म्हणालाय, फुकट. गेटवर ठिणग्या उडवणारी पोरं त्याचीच होती. वरचं ३१६ ठरवलं. आता गावी असलो की दर रविवारी पडवी धुतो, शेजारी विचारतात काय कार्य आहे म्हणून.