हैबत : मुलाच्या नावाचा अर्थ काय लिहू?

जाईचा_वेल
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी माझ्या मुलाचं बारसं आहे. नाव घरात ठरलेलं आहे, हैबत. माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांचं हे नाव. त्यांचा फोटो नाही, हातचं पत्र नाही. उरलाय तो एक पितळी हंडा. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय. चिंच लावून घासून घासून ‘है’वरची एक मात्रा पुसट झाली, म्हणून पुतणी ते ‘हेबतराव’ असं वाचते.

घरात सगळे सांगत आले की हैबत म्हणजे दरारा. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांना उर्दू चांगलं येतं. त्या म्हणाल्या, “अगं, हैबत म्हणजे दहशत. हैबतनाक म्हणजे भयानक. तान्ह्या बाळाला असं नाव ठेवतात का?” तेव्हापासून सासूबाई गप्प आहेत. पाळण्यामागे नावाचा फलक लावायचाय आणि त्यावर नावाखाली अर्थाची एक ओळ हवीय. काय लिहू? आणि हे नाव हल्ली कुणी ठेवतं का?

मोडीवाचक
काकूंचं चुकलं नाही आणि तुमच्या घरच्यांचंही नाही. शब्द अरबी आहे, ‘हैबा’. तिथे त्यात भीती आहे, पण आदराने दबून जाण्याचा अर्थही आहे. मोठ्या माणसासमोर आपला आवाज आपोआप खाली येतो, ते. उर्दूत भीतीची बाजू वरचढ झाली. मराठीत दोन्ही नांदल्या. ‘हैबत खाणं’ म्हणजे धसका घेणं, पण माणसाच्या नावात आली की दरारा. शेरशाहाचा पंजाबचा सुभेदार हैबतखान नियाजी होता. आपल्याकडे शिवकाळात गुंजण मावळचे देशमुख हैबतराव शिळीमकर, पुढे शाहूंचे सरलष्कर हैबतराव निंबाळकर. पोराला ‘भीती’ हाक मारावी म्हणून कुणी हे नाव ठेवलं नसणार.

माळकरी
ताई, एवढ्या लांब कशाला जायचं? हैबतबाबा आरफळकर विसरलात का? साताऱ्याजवळचं आरफळ हे त्यांचं गाव. हल्ली आरफळ म्हटलं की लोकांना कालवा आठवतो, पण वारकऱ्याला बाबाच आठवतात. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सांगतात की गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी धरून कोंडलं, तिथे हरिपाठ म्हणत बसले, सुटले आणि सगळं सोडून आळंदीला आले. आधी तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका एकाच सोहळ्यात जायच्या. १८३२ च्या सुमाराला माउलींचा सोहळा वेगळा निघाला तो बाबांच्या हातून. दिंड्यांचा क्रम, अश्व, तळ, सगळ्याला लष्करी शिस्त आली ती या सरदारामुळे.

आळंदीच्या महाद्वाराची पहिली पायरी ही त्यांची समाधी. येणाऱ्याजाणाऱ्या भक्ताची पायधूळ लागावी ही त्यांची इच्छा. कार्तिक वद्य अष्टमीला संजीवन समाधी सोहळा सुरू होतो तो याच पायरीच्या पूजनाने. मी दरवर्षी तिथे वाकतो. दगड हाताला गार आणि गुळगुळीत लागतो, मागून गर्दीचा रेटा असतो, तरी कपाळ टेकल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. ज्याच्या नावात दरारा, त्याने पायरी होणं मागून घेतलं. अर्थ कोशात कशाला शोधायचा?

जाईचा_वेल
काका, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. पण फलकावर एका ओळीत काय लिहू?

देवभाषा
माझं मत वेगळं आहे. हे नाव मूळचं संस्कृत असावं. हय म्हणजे घोडा, हयपती म्हणजे अश्वदळाचा धनी. हयपती, हैपती, हैबती. खेड्यातले लोक ‘हैबती’च म्हणतात, त्या ‘ती’चा उलगडा अरबीतून होत नाही. नाव धारण करणारे सगळे घोडदळातले. माउलींच्या सोहळ्यात आजही अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. फलकावर ‘अश्वपती’ लिहा. सुंदर अर्थ आहे आणि आपला आहे.

मोडीवाचक
सर, ओढूनताणून आहे हो. ‘पती’ शेवटी आलेली आपली नावं बघा. गणपती–गणपत, नरपती–नरपत, भूपती–भूपत. सगळीकडे प टिकलाय. हैबतमध्येच त्याचा ब का व्हावा? शिवाय भीती या अर्थाचा हैबत मराठीत स्वतंत्रपणे नांदत होता. एकच शब्द नाव झाला की संस्कृत आणि वाक्यात आला की अरबी, असं कसं? आणि ‘ती’चं म्हणाल तर बोलण्यात नावाला ई लागतेच, त्यासाठी पती शोधायला नको.

माणदेशी
आमच्याकडं हैबतीच म्हणत्यात. आमच्या वाडीत लहानपणी तीन हैबती होते, थोरला हैबती, मळ्यातला हैबती आणि पैलवान. शाहीर हैबतीपण आपल्या सातारा जिल्ह्यातलेच, पुसेसावळीचे. त्यांच्या भेदिक लावण्या आजोबा म्हणायचे. आता त्या तिघांच्या नातवंडांत एकही हैबती नाही. आरव हाय, शौर्य हाय, दोन रेयांश हायत. रेयांशचा अर्थ विचारला तर आई येगळा सांगती, बाप येगळा.

देवभाषा
रेयांशला माझाही विरोधच आहे. पण मुद्दा असा, की महाराजांनी फार्शी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? पेशव्याचा पंतप्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य केला. साडेतीनशे वर्षांनी आपण बाळाच्या पाळण्यावर अरबी शब्द लावायचा? मुलाला आयुष्यभर हे नाव वागवायचं आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

मोडीवाचक
कळकळ पोचली. पण महाराजांनी पदांची नावं बदलली, माणसांची नाही. नगरच्या शहाशरीफ पिराला नवस केला आणि मालोजीराजांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असंच परंपरा सांगते. शरीफजी १६२४ ला भातवडीच्या लढाईत पडले. वडिलांच्या ‘शहाजी’ या नावाला महाराजांनी हात लावला नाही. दौलतराव, हिंमतराव, गुलाबराव, फत्तेसिंग यांतलं काय काय काढणार? माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने हिरिरीने लिहू लागले. त्या माणसाला दोन्ही बाजू आतून ठाऊक होत्या. आपण एकाच बाजूने का भांडायचं?

गार्गी_शिकवते
मी शाळेत संस्कृत शिकवते, म्हणून देवभाषा सरांशी त्यांच्याच अंगणात बोलते. भीम या नावाचा अर्थ काय? ‘भी’ म्हणजे भिणे, हा धातू. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘भीमादयोऽपादाने’. भीम म्हणजे ‘ज्याच्यापासून भय वाटतं तो’. भीष्मही त्याच घरातला. भैरवात भयच, आणि त्या भैरवाचे आपण भैरोबा आणि बहिर्जी केले. आपण बिनदिक्कत मुलाला भीम म्हणतो, मग हैबत म्हणायला का अडावं? अर्थ तर तोच झाला. भिणारा नव्हे, ज्याला पाहून समोरचा भितो तो.

जाईताई, मी फलकावर ‘ज्याचा दरारा वाटावा असा’ लिहीन. ‘दहशत’ नको, ‘वचक’ही नको. वचक मास्तरांचा असतो.

माळकरी
गार्गीताई, वा! पण दरारा लिहिलं की आदर सुटतो. बाबांपुढे लोक वाकतात ते दराऱ्याने नाही.

गार्गी_शिकवते
‘धाक’ घरचा, ‘जरब’ हुकमाची, आणि जरबही मुळात अरबीच. ‘दबदबा’ म्हटलं की ढोल वाजल्यासारखं होतं. भीती आणि आदर एकाच श्वासात सांगणारा एक शब्द मला मराठीत सापडत नाही. म्हणूनच हैबत घेतला असेल आपण.

कृष्णाकाठ
विषय निघालाच आहे तर, हंबीरराव हे नावही अरबीच ना? अमीरपासून हम्मीर आणि त्यावरून हंबीर, असं वाचलंय.

देवभाषा
हे मात्र मान्य नाही. रणथंभोरचा हम्मीर चौहान अल्लाउद्दीन खिलजीशी लढताना १३०१ साली पडला. त्याचं नाव शत्रूच्या भाषेतलं असेल?

मोडीवाचक
असेलही. संस्कृत लेखनात ‘हम्मीर’ हा शब्द आधी परकीय अमिरांसाठी आला आणि मग रजपूत राजांचं नाव झाला. शत्रूची पदवी आपल्या वीराने घेतली, यात कमीपणा कसला? हंसाजी मोहित्यांना महाराजांनीच हंबीरराव किताब दिला. महाराज तो शब्द उच्चारत होते तेव्हा तो पुरता मराठी झालेला होता.

कृष्णाकाठ
आमच्या भावकीत दोन हंबीरराव आहेत. एकाला हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “अमीर तर अमीर, नाव माझं आहे.”

देवभाषा
भावना समजते. पण व्युत्पत्ती भावनेवर ठरत नाही. हम्मीरचा वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहितो.

जाईचा_वेल
मंडळी, सगळ्यांचं वाचते आहे. फलकवाल्याचा फोन आला होता, त्याला उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर हवाय. सासूबाईंनी हंडा माळ्यावरून काढून घासायला घेतलाय. म्हणतात, बारशाला पाळण्याशेजारी तोच ठेवायचा. आता नवं कोडं. त्यांनी सासऱ्यांच्या कागदांची पिशवी उघडली. जुन्या सातबाऱ्यावर ‘हैबती’ आहे, सोसायटीच्या पावतीवर ‘हैबतराव’ आणि हंड्यावर ‘हेबतराव’ दिसतंय. जन्मदाखल्यावर कुठलं घालावं?

माणदेशी
ताई, दाखल्यावर हैबत घाला, हाक हैबती मारा. पण हंड्यावरचं नीट बघा एकदा. आमच्याकडच्या जुन्या भांड्यांवर कासार ठोकताना एकच मात्रा घालायचे, बारक्या जागेत दुसरी बसायची नाही. तुमची मात्रा घासून गेली नसंल, मुळातच नसंल.

जाईचा_वेल
आत्ता उजेडात धरून पाहिलं. दुसऱ्या मात्रेच्या जागी तीन ठिपके आहेत, खालचा दिसत नाही. फोटो टाकते.