रमतगमत सायकल चालवताना गिअर नेमका कोणता ठेवावा?

मुठाकाठ (पुणे)

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी मी २६ इंची चाकांची, जाड टायरची आणि मागे वळलेल्या रुंद हँडलची क्रूझर पद्धतीची सायकल घेतली. पाठ ताठ ठेवून, आजूबाजूला पाहत सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जावे, धरणाच्या चौपाटीवर थोडे थांबावे आणि परत यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. माझे वय चौपन्न आहे आणि वेगाची मला मुळीच हौस नाही.

सायकलीला पुढे तीन आणि मागे सात असे एकवीस गिअर आहेत. दुकानदाराने सायकल देताना सांगितले, की सपाट रस्त्यावर ३-७ (पुढे तिसरा, मागे सातवा) लावा आणि गिअरचा विचार सोडून द्या. त्याप्रमाणे मी चालवते, परंतु सिग्नलवरून निघताना फार जोर लावावा लागतो आणि घरी आल्यावर गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. आमच्या सोसायटीतील तरुण सायकलपटूंचा सल्ला नेमका उलटा आहे. त्यांच्या मते पाय मिनिटाला नव्वद वेळा फिरलेच पाहिजेत. तसे करू गेले, की मी सीटवर उसळू लागते आणि निवांतपणा संपतो.

या दोन टोकांच्या मध्ये माझ्यासारखीने कोणता गिअर धरावा? जड गिअरने व्यायाम जास्त होतो, हे खरे आहे का? पुढच्या चकत्यांचे दाते मी मोजले आहेत: ४२, ३४ आणि २४. मागे २८, २४, २२, २०, १८, १६ आणि १४ असे आहेत.

दातेमोजणी (नाशिक)

आपण दाते मोजून दिलेत, त्यामुळे उत्तर मोघम देण्याची गरज उरली नाही. २६ इंची चाकावर २.१ इंच रुंदीचा टायर असेल, तर त्याचा घेर साधारण २.०७ मीटर भरतो. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून त्या घेराने गुणले, की पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळते. दुकानदाराने सांगितलेला ३-७ म्हणजे ४२ भागिले १४, अर्थात एका फेरीत ६.२ मीटर. आपण ताशी १५ किलोमीटरने जात असाल, आणि या प्रकारच्या सायकलीवर निवांत चालवणारा माणूस बहुधा तेवढ्यानेच जातो, तर त्या गिअरमध्ये आपले पाय मिनिटाला जेमतेम चाळीस वेळा फिरतात. प्रत्येक फेरीत सहा मीटरचे ओझे एकदम ढकलावे लागते, आणि गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे बहुधा त्याचेच असावे. (गिअर हलका करूनही दुखणे राहिले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तो भाग सायकलच्या गणिताबाहेरचा आहे.)

आता तोच वेग २-५ मध्ये पाहा. पुढे ३४, मागे १८. एका फेरीत ३.९ मीटर. ताशी १५ किलोमीटरसाठी पाय मिनिटाला साधारण चौसष्ट वेळा फिरतील आणि पायडलवर लागणारा दाब ३-७ च्या तुलनेत दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी होईल. माझ्या मते ताठ बसून चालवणाऱ्यासाठी साठ ते सत्तर फेऱ्या हीच योग्य चाल आहे. नव्वद फेऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो वाकून बसणाऱ्यांचा आहे. त्यांचे वजन हात, सीट आणि पायडल यांत विभागलेले असते. आपले जवळजवळ सगळे सीटवर असते. त्यामुळे फेऱ्या वाढल्या, की पायांचा झटका थेट बैठकीला बसतो आणि आपण म्हणता तसे उसळायला होते.

जड गिअर आणि व्यायाम यांच्याबद्दल एवढेच सांगतो, की एकाच वेगाने, एकाच रस्त्यावर तेच अंतर कापायला लागणारे काम जवळपास सारखेच असते, मग गिअर कोणताही असो. जड गिअरमध्ये त्याचा भार मांड्यांवर आणि गुडघ्यांवर पडतो, तर हलक्या गिअरमध्ये तो श्वासाकडे आणि हृदयाकडे वळतो. चौपन्नाव्या वर्षी यांतले कोणते जपायचे आणि कोणते वापरायचे, हे आपणच ठरवावे. मी तर गुडघे जपले असते.

राहिला एकवीस गिअरांचा प्रश्न. आपल्या सायकलीवर ३-२ मध्ये एका फेरीला ३.६ मीटर, २-४ मध्ये ३.५ मीटर आणि १-७ मध्येही साधारण ३.५ मीटर पडतात, म्हणजे तीन वेगळ्या क्रमांकांचा गिअर प्रत्यक्षात एकच आहे. शिवाय पुढची मोठी चकती आणि मागची सर्वांत मोठी, किंवा पुढची लहान आणि मागची सर्वांत लहान, या जोड्यांत चेन तिरकी धावते, आवाज करते आणि लवकर झिजते, म्हणून त्या टाळलेल्याच बऱ्या. जाहिरातीतले एकवीस असे गळत गळत आठ-दहावर येतात. रोजच्या वापरासाठी पुढे मधली चकती कायम ठेवा आणि फक्त उजव्या हाताचे गिअर बदला. २-१ मध्ये एका फेरीला अडीच मीटर आणि २-७ मध्ये पाच मीटर मिळतात. धायरी फाट्यापासून खडकवासल्यापर्यंतच्या रस्त्याला एवढा पल्ला पुरेसा आहे.

रंकाळ्याची फेरी (कोल्हापूर)

वरील गणित बरोबर असेलही, पण निवांत चालवायचे म्हणता आणि एकवीस गिअर सांभाळत बसता, यातच विसंगती आहे. क्रूझर ज्या अमेरिकेतून आली, तिथे श्विनने १९३३ मध्ये २६ इंची चाकांवर २.१२५ इंचांचे फुगीर टायर आणले, तेव्हापासून या घराण्याची सायकल मुळात एकाच गिअरची आणि पायडल मागे दाबून ब्रेक लावायची राहिली. समुद्रकाठच्या सपाट रस्त्याला तेवढे पुरते.

आमच्याकडची २८ इंची काळी सायकलही त्याच विचाराची आहे, फक्त तिचा एकमेव गिअर जड असतो. पुढे ४४ आणि मागे १८ दाते, म्हणजे एका फेरीत साधारण ५.४ मीटर. मी मागचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चक्र) २२ दात्यांचे बसवून घेतले, त्यामुळे ती फेरी ४.४ मीटरवर आली. चेनला थोडी लांबी जोडावी लागली आणि मागचे चाक किंचित सरकवावे लागले, एवढेच. रंकाळ्याभोवती फिरताना मला गिअरची आठवणही येत नाही. बिघडायला काही नाही, पावसात गंजायला डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही. पन्हाळ्याला सायकलने जायचे असते, तर गोष्ट वेगळी होती.

उलटा वारा (आइंडहोव्हन, नेदरलँड्स)

कोल्हापूरकरांचा साधेपणा मला मान्य आहे, पण एकच गिअर ठेवण्याचा सल्ला वाऱ्याचा विचार न करता दिलेला दिसतो. मी राहतो त्या देशात चढ जवळजवळ नाहीच, तरीही इथल्या घरोघरच्या ताठ बसायच्या सायकलींना बहुधा तीन, सात किंवा आठ गिअर असतात. ते वाऱ्यासाठी असतात. ताठ बसलेल्या माणसाची छाती वाऱ्याला पूर्ण सामोरी असते, आणि हवेचा विरोध हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. आपण ताशी १५ ने जात असाल आणि समोरून ताशी १५ चा वारा असेल, तर हवेचा विरोध शांत हवेच्या चौपट होतो. पुण्यातून खडकवासल्याकडे जाणे म्हणजे पश्चिमेकडे जाणे, आणि पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. जाताना एक गिअर आणि येताना दुसरा, हे तिथेही अटळ आहे. (इथे झीलंडमधल्या ऑस्टरस्केल्डे धरणावर मुद्दाम वादळी वाऱ्यात, समोरून झोडपून घेत, गिअर नसलेल्या ताठ सायकलींवर साडेआठ किलोमीटरची स्पर्धा होते. ती पाहिल्यावर एका गिअरचे कौतुक कुणी करील असे वाटत नाही.)

ताठ बसण्याच्या सायकलीबद्दल आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हँडल मागे वळलेले आणि वजन मागच्या चाकावर असल्यामुळे चढावर सीटवरून उठून, पायडलवर उभे राहून जोर लावणे अशा सायकलीवर नीट जमत नाही. गुडघे हँडलला लागतात आणि तोल जातो. इलेक्ट्रा कंपनीच्या टाउनीसारख्या सायकलींत तर पायडल सीटच्या बरेच पुढे असतात, त्यामुळे बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात, पण उभे राहण्याचा प्रश्नच उरत नाही. वाकून बसणारा सायकलस्वार एखाद्या जड गिअरमध्ये उठून वेळ मारून नेतो, आपल्याला ती सोय नाही. म्हणून क्रूझरला हलका गिअर अधिक लागतो.

नवी सायकल घेण्याचा विचार असता, तर मी चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) बंदिस्त असलेले तीन गिअर सुचवले असते. शिमानो नेक्ससच्या तीन गिअरांत मधला सरळ एकास एक असतो, पहिला त्याच्या ०.७३ पट आणि तिसरा १.३६ पट. सिग्नलला थांबलेले असतानाही गिअर बदलता येतो, ही त्याची खरी चैन आहे. मात्र पहिल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये दुपटीइतकेही अंतर नसल्यामुळे मोठ्या चढासाठी तो अपुरा पडतो. सिंहगडाच्या पायथ्याकडे वळण्याचा बेत असेल, तर तुमची आहे तीच सायकल बरी.

मुठाकाठ (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. २-५ आणि वारा असेल तेव्हा २-४, असे आलटून पालटून चालवत आहे, आणि गुडघ्याची तक्रार पुष्कळ कमी झाली आहे. सिग्नलवरून निघणे अजून जड जाते. आणखी एक अडचण आहे. धरणाच्या भिंतीजवळच्या चढावर २-१ सुद्धा पुरत नाही, म्हणून मी पुढचा गिअर २ वरून १ वर टाकते. तेव्हा चेन कचकच करते आणि कधी कधी आतल्या बाजूला उतरून पडते. चढावर उतरून हात काळे करणे नको वाटते. तसेच पुढची ४२ ची चकती मी वापरतच नाही, ती काढून टाकली तर काही बिघडेल का?

दातेमोजणी (नाशिक)

आधी सिग्नलचे पाहू. डिरेलरचा गिअर चेन फिरत असतानाच बदलतो, म्हणून थांबण्याआधी, सायकल गतीत असतानाच मागचा गिअर २-२ किंवा २-३ वर आणायचा. लाल दिवा दिसला, की एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्याने गिअर, ही सवय थोड्याच दिवसांत अंगवळणी पडते. निघाल्यावर पाय हलके वाटू लागले, की पुन्हा एकेक पायरी वर जा.

चढावरची कचकच जोर लावलेला असताना गिअर बदलल्यामुळे होते. चेन पूर्ण ताणलेली असली, की ती एका चकतीवरून दुसरीवर सहजी सरकत नाही, आणि सरकली तर झटक्याने जाते. चढ सुरू होण्याच्या आधीच, रस्ता अजून सपाट असताना पुढचा गिअर १ वर टाका, आणि त्या क्षणी अर्धी-एक फेरी पाय नुसते फिरवा, दाब देऊ नका. त्याच वेळी मागचा गिअर २-१ वरून दोन पायऱ्या वर, म्हणजे १-३ वर आणलात, तर फेरी २.५ मीटरवरून २.३ मीटरवर येते आणि पाय एकदम रिकामे फिरत नाहीत. पुढे चढ वाढला, तर मागे एकेक पायरी खाली येत १-१ पर्यंत जाता येईल. तिथे एका फेरीत १.८ मीटर मिळतात, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी साडेसहा किलोमीटर. तेवढ्यात तोल सांभाळता येतो, त्याहून हळू गेल्यास सायकल डगमगू लागते. इतके करूनही चेन आत पडत राहिली, तर पुढच्या डिरेलरची आतली हद्द ठरवणारा स्क्रू किंचित आवळून घ्यावा लागेल. सायकल दुरुस्त करणाऱ्याला ते काही मिनिटांचे काम आहे.

हे सारे करण्याआधी टायरमधली हवा मात्र तपासा. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. जाड टायरमध्ये हवा कमी झाली, तर ती डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण सायकल ओढल्यासारखी चालते आणि आपण गिअरला दोष देत बसतो.

४२ ची चकती काढू नका. या किमतीच्या सायकलींत तिन्ही चकत्या बहुधा एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, आणि परतीच्या उतारावर, पाठीशी वारा असताना, ती कधी तरी उपयोगी पडेल. पुढचा गिअर बदलण्याचा त्रासच नको असेल, तर दुसरा मार्ग आहे. मागे १४ ते २८ ऐवजी १४ ते ३४ दात्यांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील मिळते. त्यात २४ पर्यंतच्या सहा चकत्या आपल्याकडे आहेत तशाच असतात आणि फक्त पहिली ३४ ची असते. त्यामुळे आपल्या रोजच्या २-४ आणि २-५ मध्ये काहीही बदल होणार नाही, आणि २-१ मात्र अडीच मीटरवरून २.०७ मीटरवर येईल. २४ वरून एकदम ३४ वर जाताना पायांना मोठी पायरी जाणवेल, पण ती चढावरच वापरायची असल्याने चालून जाते. बसवून घेण्यापूर्वी आपला मागचा डिरेलर ३४ दाते पेलतो का, ते विचारून घ्या. चुकून ४२ आणि ३४ अशी जोडी लागली, तर आखूड चेन ताणली जाऊन डिरेलर वाकू शकतो, म्हणून चेनची लांबी दुकानदाराकडून त्याच जोडीवर तपासून घेतल्याशिवाय सायकल ताब्यात घेऊ नका.