ई-डिस्कव्हरीच्या कॉन्फरन्सा म्हणजे नुसती सॉफ्टवेअरवाल्यांची जत्रा झालीये का?

फाईलचाळक
डॉक्युमेंट रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दाव्याच्या कामाचे कागद चाळून निवडण्यात, बारा वर्षं काढली. ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत दिवाणी दावा उभा राहिला की समोरच्या बाजूने मागितलेले ईमेल, चॅट, एक्सेल शोधून द्यावे लागतात, ती ई-डिस्कव्हरी. २००६ साली फेडरल नियमांत हे स्पष्टपणे आलं. तर परवा ऑफिसच्या खर्चाने यातल्याच एका मोठ्या कॉन्फरन्सला जाऊन आलो, तीन दिवस, आणि खरं सांगतो, डोकं उठलं. जो तो स्टेजवर येतो आणि एनरॉनचे ईमेल उघडून डेमो देतो! अहो ते पाचेक लाख ईमेल २००३ पासून जगाला खुले आहेत, त्यात ना ग्रुप चॅट, ना इमोजी, ना अटॅचमेंटच्या जागी क्लाउडची लिंक. आमची रोजची डोकेदुखी नेमकी तीच. एका बूथवर पोराने सर्च मारला, स्क्रीनवर हिरवे-लाल गोळे नाचले, मी विचारलं बाबा रिकॉल किती, म्हणजे कामाच्या शंभर कागदांतले किती तुझ्या हाती लागले, तर म्हणतो सर कार्ड द्या, टीम कॉन्टॅक्ट करेल. माझं मत: अशा ठिकाणी जाऊ नये, पैसे वाया.

कीवर्डकाकू
असहमत. बूथवर फिरून कॉन्फरन्सला नावं ठेवणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त मांडववाल्याशी बोलून परत येणं. जज लोक पॅनेलवर बसतात तिथे बसायचं होतं ना. न्यू यॉर्कचे मॅजिस्ट्रेट जज अँड्र्यू पेक पॅनेलवरून, लेखातून प्रेडिक्टिव्ह कोडिंगबद्दल (माणसाने निवडलेल्या नमुन्यांवरून मशीनने कामाचे कागद ओळखणं) बोलत होते आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये दा सिल्वा मूर केसमध्ये त्यांनीच पहिल्यांदा लेखी निकालात ते मान्य केलं. वारं कुठून वाहतंय ते ऐकणाऱ्याला आधीच कळलं असणार.

फाईलचाळक
काकू, उदाहरण तुम्ही माझंच दिलंत :) त्याच केसमध्ये वादींनी पेक साहेबांना बाजूला व्हा म्हणून अर्ज केला होता, कारण काय, तर ते प्रतिवादीच्या वकिलासोबत पॅनेलवर होते आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या वेंडरचाही त्यात संबंध आहे असा आक्षेप. अर्ज फेटाळला गेला, मान्य, पण वादीला शंका यावी इतकी जवळीक होती हे तर खरं ना.

कीवर्डकाकू
फेटाळला गेला, संपलं. जजनी कुणाशी बोलूच नये, कोपऱ्यात बसून कायदा वाचावा असं म्हणणं आहे का? मग तंत्रज्ञान त्यांना कोण समजावणार, तुम्ही?

रात्रपाळी
मी काँट्रॅक्टवर रिव्ह्यू करते, रोज शेकड्याने कागद वाचते. मला भीती वेगळीच वाटते. सगळ्या सेशन्समध्ये एआय एआय, म्हणजे आमची गरज संपली हेच ना गोड शब्दांत. मशीनवर एवढा विश्वास कशाला, २०२३ ला माटा विरुद्ध एव्हिआंका केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि ५,००० डॉलर दंड बसला, विसरलात का?

नमुनेदार
ताई, ती वेगळी गोष्ट. तिथे मशीनला निवाडे रचायला दिले आणि तपासलं कुणीच नाही, इथे असलेल्या ढिगातून निवडायचंय. आणि माणसाने शब्द टाकून शोधलं की पक्कं, हा गोड गैरसमज आहे. १९८५ सालचा ब्लेअर आणि मॅरनचा अभ्यास बघा, सुमारे ४०,००० कागद, वकिलांना खात्री की आपल्याला ७५ टक्के तरी सापडलेत, प्रत्यक्षात २० टक्क्यांच्या आसपास. कारण साधं होतं, वकील ‘अपघात’ शोधत होते आणि पत्रं लिहिणारे त्यालाच ‘तो प्रसंग’, ‘ती अडचण’ असं काहीबाही म्हणत होते. आजही कीवर्ड तिथेच मार खातो.
उपाय असा, की मशीनने नको म्हणून बाजूला टाकलेल्या ढिगातून हजार-दीड हजार कागद चिठ्ठ्या काढल्यासारखे उचलायचे आणि जाणत्या माणसाने वाचायचे. त्यात कामाचे निघाले तर परत कामाला लागा. ती वाचणारी व्यक्ती तुम्हीच असणार, म्हणून नोकरीचं टेन्शन थोडं कमी घ्या. आणि हे सगळं मी कॉन्फरन्समध्येच शिकलो हो फाईलचाळक, शेवटच्या दिवशी दुपारी, हॉल अर्धा रिकामा असताना.

रात्रपाळी
एका ढिगाला एक माणूस पुरतो, आम्ही चाळीसजण आहोत. बाकी मुद्दा पटला.

होल्डवाला
तुम्ही सगळे शोधण्यावर भांडताय, पण जे जपलंच नाही ते शोधणार काय, कप्पाळ? गुगलसारख्या कंपनीतल्या चॅट, हिस्टरी बंद असली की २४ तासांत उडत होत्या, २०२३ मध्ये अमेरिकेतले जज डोनाटो यांनी एपिक या गेम कंपनीच्या खटल्यात त्यावरून चांगलंच झापलं. त्याआधी झुबुलेक केस, एका कर्मचारी बाईंनी यूबीएस बँकेवर केलेला दावा, बॅकअप टेप गायब, ईमेल उडवलेले, आणि २००५ ला ज्युरीने यूबीएसवर सुमारे २.९ कोटी डॉलर ठोकले. यातलं एकही प्रकरण भारी सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून घडलेलं नाही, वेळेत ‘काही डिलीट करू नका’ हे नीट सांगून त्याचा पाठपुरावा केला नाही म्हणून घडलं. आणि मी गेलो त्या कॉन्फरन्समध्ये लिटिगेशन होल्डच्या, म्हणजे याच सूचनेच्या, सेशनला मोजून नऊ माणसं, त्यातली दोन चार्जिंगचा प्लग शोधत आलेली.

फाईलचाळक
हे मात्र शंभर टक्के, माझ्या तक्रारीचं मूळ हेच आहे, मला मांडता आलं नाही. नमुनेदार, तुमचं शेवटच्या दुपारचं लक्षात ठेवतो, मी तेव्हा एअरपोर्टवर होतो. पण एनरॉनवर डेमो बंद करा हे मी मागे घेणार नाही.

कीवर्डकाकू
मग बंद काय करायचं, दुसऱ्या अशिलाचे ईमेल स्टेजवर उघडायचे? खुला आणि एवढा मोठा दुसरा साठा आहे का कुणाकडे?

फाईलचाळक
निदान रिकॉलचा आकडा तरी सांगा म्हणावं. बूथवरच्या त्या पोराचा आज मेल आला. आकडा नाही. ‘आपल्याशी बोलून छान वाटलं, तुमच्या टीमसाठी डेमो कधी ठेवू?’